चाळीसगावचे केकी मूस : एक टेबल, एक फोटो आणि शब्दांशिवाय गोष्ट

हल्लीच्या कॉमिक्समध्ये एखादं पान पूर्ण मूक असतं. संवाद नाही, निवेदन नाही. चित्र बघायचं आणि गोष्ट आपणच जुळवायची. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात एक माणूस हेच काम कॅमेऱ्याने करत होता.

केकी मूस. जन्म १९१२ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि स्टेशनजवळच्या घरात राहिले. पुढची जवळपास ५० वर्षं ते क्वचितच घराबाहेर पडले.

मग फोटो कशाचे काढायचे? त्यांनी जगच टेबलावर आणलं. छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड-सावली जुळवायची आणि फोटो घ्यायचा. बघणाऱ्याला तो खराखुरा देखावा वाटायचा. यालाच टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात.

प्रेयसी रेल्वेने येईल म्हणून ते आयुष्यभर वाट बघत राहिले, असं सांगितलं जातं. या दंतकथेची चर्चा इतकी होते की त्यांची कला मागे पडते.

१९८९ च्या शेवटी ते गेले. त्यांचं घर आज कलादालन आहे. कधी चाळीसगावला उतरलात तर तिथे जा. प्रेमकहाणी नंतर विचारा, आधी एखाद्या फोटोसमोर दोन मिनिटं शांत उभे राहा.