पंडिता रमाबाई : परक्या देशातील शिक्षिका

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील आमच्या मंडळ्यांस केडगाव हे नाव नवे नाही. बारामतीहून दौंडमार्गे पुण्यास जाणाऱ्यास ते स्टेशन वाटेत लागते, आणि तेथील मुक्ती मिशनाची माहिती आमच्या पुष्कळ कुटुंबांस आहे. परंतु ज्या बाईंनी ते काम उभारले त्यांनी आपल्या आयुष्याची सुमारे सहा वर्षे परदेशात घालविली, व त्यांपैकी काही काळ तेथे शिक्षिकेचे काम केले, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. आज ती वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. कारण परक्या ठिकाणी राहून शिकविणाऱ्या प्रत्येक सेवकास तीपासून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि आईने ती विद्या मुलीस दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढे दुष्काळाने आईवडील व वडील बहीण यांस नेले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री अनवाणी देशभर फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला; पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने तेही गेले. पदरी मनोरमा नावाची दहा महिन्यांची मुलगी राहिली. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत एवढे सारे घडले.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची किती गरज आहे हे सांगितले. स्वतः वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनाने घेतले. स्त्री-धर्मनीति हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला, व १८८३ च्या एप्रिलात लहान मुलीसह आगबोटीने इंग्लंडास प्रयाण केले. आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण बरोबर होती.

इंग्लंडात वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या धर्मभगिनींनी त्यांस आश्रय दिला. परंतु रमाबाईंस फुकटचे अन्न नको होते. हिंदुस्थानात कामास येऊ इच्छिणाऱ्या भगिनींस त्यांनी मराठी शिकवावे, व त्याच्या मोबदल्यात आपली राहण्याजेवणाची सोय व इंग्रजीचे शिक्षण घ्यावे, असे ठरले. अशा रीतीने परदेशातील त्यांचे पहिले काम शिक्षिकेचेच होते, व शिकविण्याचा विषय आपली मायबोली होता. ज्यांच्या घरी त्या पाहुण्या होत्या त्यांच्याच त्या गुरू झाल्या.

तो आरंभाचा काळ सोपा नव्हता. सोबतीण आनंदीबाई त्याच वर्षी अत्यंत दुःखद रीतीने मरण पावली. एवढ्या दूर देशी आपल्या भाषेत बोलणारे प्रौढ माणूस म्हणून तीच काय ती जवळ होती. याच दिवसांत भगिनींनी रमाबाईंस लंडनाजवळ फुलम येथील आपले एक गृह दाखविले. ज्या स्त्रियांस जगाने पतित म्हणून टाकून दिले होते त्यांची तेथे मायेने सेवा चाले. असे काम करण्याची बुद्धी या लोकांस कोठून होते, असा प्रश्न रमाबाईंस पडला, तेव्हा एका भगिनीने त्यांस याकोबाच्या विहिरीजवळ प्रभूशी बोललेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. ती त्यांच्या अंतःकरणास भिडली. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या मंदिरात रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

वैद्यकीचा बेत मात्र सिद्धीस गेला नाही, कारण रमाबाईंस कमी ऐकू येऊ लागले होते. एक दार लागले म्हणून त्या परत फिरल्या नाहीत. १८८४ साली त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात गेल्या. कुमारी डोरोथिया बील या थोर शिक्षिका तेथे मुख्य होत्या. रमाबाई तेथे संस्कृत शिकवीत, आणि स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत. १८८६ च्या आरंभापर्यंत हा क्रम चालला. शंका विचारली तर बीलबाई रागावत नसत; सविस्तर उत्तर लिहीत. शिक्षकाने शिष्याशी कसे वागावे, याचा हा एक धडाच होता.

परंतु परक्या देशात स्थिरावणे म्हणजे केवळ भाषा व थंडी यांची सवय करणे नव्हे. रमाबाई मांस खात नसत, अंडी घातलेले पक्वान्नही घेत नसत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन, ज्यांस त्या प्रेमाने आजीबाई म्हणत, यांस हा जुन्या जातीचा अभिमान वाटला. रमाबाईंचे उत्तर असे की, इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपलेच अन्न खाते, तेव्हा तिला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. मग मलाच का म्हणावे? तसेच क्रूसावरील अक्षरे लॅटिनात असण्याचे कारण त्यांस कळेना. आपल्या लोकांनी ती संस्कृतात का लिहू नयेत, असे त्यांनी विचारले. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील दोन बिशपांनी हरकत घेतली. असे केल्याने स्वदेशी त्यांचे वजन कमी होईल असे त्यांस वाटले. रमाबाईंस याचे नवल वाटले. आपल्या आईने तरुणांस शिकविले असता वडिलांनी हरकत घेतली नाही, आपल्या पतीनेही आपणांस अडविले नाही, मग येथे का अडवावे, असे त्यांनी कळविले. वडिलांचा सल्ला ऐकावा, पण सदसद्विवेक दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हा त्यांचा निश्चय होता.

अन्नाचा हा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील कित्येकांस बोचेल हे आम्ही जाणतो. जातीच्या नावाने ज्यांस विहिरीपासून व पंगतीपासून दूर ठेवले, त्यांस ब्राह्मण कुळातील बाईंचा हा आग्रह जातीचाच वाटला तर नवल नाही. परंतु एखादा पदार्थ न खाणे निराळे, आणि तो खाणाऱ्या बंधूस हलके मानणे निराळे. रमाबाईंनी पुढे केडगावी सर्व जातींच्या निराश्रित मुलींस एका छपराखाली मुली म्हणून वाढविले. यावरून त्यांच्या मनातील जातीचे काय झाले ते उघड दिसते.

भगिनींच्याही बाबतीत आम्ही न्यायाने बोलले पाहिजे. त्यांनी निराधार विधवेस घर दिले, व मनोरमेस मायेने सांभाळले. मतभेद तीव्र झाले तरी प्रेम तुटले नाही, आणि पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला.

१८८६ च्या मार्चात डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहण्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे बालोद्यान शिक्षणाची पद्धत शिकल्या, मराठी शाळांसाठी क्रमिक पुस्तके लिहिण्यास लागल्या, व व्याख्याने देत हिंडल्या. १८८७ साली बोस्टन शहरी त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत करणारी मंडळी स्थापन झाली. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या, आणि ता. ११ मार्च रोजी विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

आता परदेशी पेरलेले बी येथे कसे उगवले ते पाहा. ज्यांस स्वतःस अन्नाविषयी टोचणी सोसावी लागली, त्यांनी शारदासदनातील विधवांस आपापल्या चालीप्रमाणे जेवण्याची मोकळीक दिली. आपली प्रार्थना मात्र त्यांनी लपविली नाही. काही मुली आपण होऊन तिला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली मोठा गहजब झाला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या, तरी त्या डगमगल्या नाहीत. फुलम येथे पाहिलेली दया केडगावी कृपासदनाच्या रूपाने उभी राहिली. १८९६ व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो उपाशी मुली व बाया आणून वाचविल्या. आणि ज्यांनी क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयी विचारले होते, त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक शिकून, खेड्यातील साध्या बाईस समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, तरी ते काम थांबले नाही. ते संपवून ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूजवळ गेल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, आपणांपैकी कोणी शिक्षक किंवा उपदेशक म्हणून अनोळखी गावी पाठविला जातो. कोणाची मुले नोकरीसाठी परप्रांती व परदेशी जातात. त्यांनी तेथील भाषा मन लावून शिकावी, कष्टाची भाकर खावी, वडील माणसांचा मान राखावा. परंतु ख्रिस्ताने दिलेली मोकळीक कोणाच्या मर्जीखातर सोडू नये. आणि आपल्या मंडळीत जेव्हा नवा विश्वासी येतो, तेव्हा आपली चाल व आपले ताट म्हणजेच शुभवर्तमान असे त्यास भासवू नये. त्यास प्रभू दाखवावा, आणि त्याच्या प्रश्नांस बीलबाईंप्रमाणे धीराने उत्तर द्यावे. असे करण्यास देव आपणां सर्वांस कृपा देवो.