गेडिस यांची तुळस

पॅट्रिक गेडिस नगररचनाकार म्हणून ओळखले जातात. मुळात ते वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८५४, स्कॉटलंड. जीवशास्त्र शिकले हक्सली यांच्याकडे. १८७९ मध्ये मेक्सिकोत त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि अंधाऱ्या खोलीत दिवस काढावे लागले. नजर परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे जमेना. मग त्यांनी पेशीऐवजी अख्खा परिसर अभ्यासायला घेतला.

डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा उभा छेद काढून कुठल्या उतारावर कोणती झाडे आणि कोणते व्यवसाय रुजतात, हे ते दाखवत. बाग आखताना आधी उतार, माती, पाणी पाहावे आणि रोपवाटिकेत नंतर जावे, ही आजची पद्धत त्या छेदाच्या जवळची आहे. एडिंबराच्या कोंदट जुन्या वस्तीत पडीक तुकड्यांवर त्यांनी बागा फुलवल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. पुढे होळकरांच्या इंदूरचे काम मिळाले. शहराला प्लेगने ग्रासले होते. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक आखली आणि ती सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल असे जाहीर केले. घरे झाडली गेली, रंगवली गेली, गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती. शेवटी लोकांना कुंडीतली तुळशीची रोपे वाटली. शोभेचे विलायती झाड त्यांना सहज निवडता आले असते. पण रोज पाणी मिळणार ते तुळशीलाच, हे त्यांनी हेरले होते.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिये येथे त्यांचे निधन झाले.