झ्लीनचा टॉमस बाटा

बाटा हे नाव आपल्या घराघरांत इतके मुरले आहे की ते कुणा हाडामांसाच्या माणसाचे आडनाव असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. वाणिज्य शाखेच्या वर्गात मी एकदा सहज विचारले, तर एकाने तो कलकत्त्याचा बंगाली व्यापारी ठरवला, दुसऱ्याने मुंबईचा पारशी. जून महिन्यात शाळेचे काळे बूट घेताना ज्याचे नाव आपण लहानपणापासून घेत आलो, तो टॉमस बाटा ना बंगाली होता ना पारशी. तो मध्य युरोपातल्या मोराव्हिया प्रांतातला, पिढीजात जोडे शिवणाऱ्या घराण्यातला माणूस होता. ३ एप्रिल १८७६ रोजी झ्लीन या लहानशा गावात तो जन्मला. त्या वेळी हा सारा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे.

त्याच्या कारखान्यांची गणती पुष्कळांनी केली आहे. मला त्याच्या चरित्रात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या माणसाच्या आयुष्यातले जवळजवळ प्रत्येक वळण एकाच साध्या प्रश्नाशी येऊन थांबते: दिवसभर उभे राहून राबणाऱ्या माणसाच्या पायात वर काय घालावे आणि खाली काय लावावे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आई लवकर वारली. बापाच्या हाताखाली रापी आणि आरी चालवत मुलगा वाढला. १८९४ मध्ये थोरला भाऊ अँटोनिन आणि बहीण ॲना यांच्यासह त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला. भांडवल म्हणजे आईच्या वारशाचे आठशे गुल्डन. वर्षभरातच कर्ज झाले. त्यातच अँटोनिनला लष्करात बोलावणे आले आणि एकोणीस वर्षांच्या टॉमसवर सगळा भार येऊन पडला. दारात सावकार उभे, आणि चामडे विकत घ्यायला पैसा नाही. चामड्याचा व्यापारी उधार देईना, तर जोडेवाल्याने करायचे काय?

त्याने कॅनव्हास घेतले. जाड कापडाचा वरचा भाग, तळ मात्र चामड्याचा, आणि झिजेच्या जागी चामड्याची जोड. हा हलका, स्वस्त जोडा कामगारांत भराभर खपला आणि पुढे मालकाच्याच नावावरून ओळखला जाऊ लागला. कुणी म्हणेल, ही अडचणीतून काढलेली पळवाट. मला तसे वाटत नाही. हाती असलेले थोडे चामडे कुठे घालायचे, हे त्याने अचूक ओळखले. जोडा पहिल्यांदा हार खातो तो तळाशी, चवड्यापाशी आणि टाचेपाशी. तिथे चामडे हवे. बाकी ठिकाणी कापड चालते, उलट उन्हाळ्यात ते बरेच.

इथे थोडे विषयांतर करतो. अथणीच्या एका वृद्ध कारागिराजवळ बसून मी चामड्याची जी काही ओळख करून घेतली, ती नसती तर बाटाच्या चरित्रातले मर्म मला कळले नसते. पहिला भेद कातडे आणि चामडे यांतला. जनावराच्या अंगावरून निघते ते कातडे. ते कमावले की चामडे. आपल्याकडे जुन्या रीतीने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमावतात. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवण्याची पद्धत कोल्हापुरी वहाणांच्या मुलखात, म्हणजे पर्यायाने आपल्या अथणी-निपाणीतही, चालत आली. हे चामडे तपकिरी, घट्ट आणि घाम शोषणारे असते. तळाला आणि तळपायाखालच्या आतल्या पट्टीला याच्यासारखे दुसरे नाही, कारण काही दिवसांत त्यावर पायाचा ठसा उमटतो आणि मग जोडा आपलाच होतो. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. ती अमेरिकेत १८८४ नंतर धंद्यात आली. जे काम सालीला महिनोन्‌महिने लागे, ते क्रोमने काही दिवसांत होऊ लागले. क्रोमचे चामडे मऊ, पाण्याला आणि उष्णतेला दाद न देणारे. कापलेल्या कडेला आत निळसर-करडी झाक दिसली की ते क्रोमचे समजावे. बुटाच्या वरच्या भागाला हे उत्तम.

पण नुसती कमावण्याची रीत पाहून भागत नाही. एकाच कातड्यात पाठीचा भाग दाट असतो, पोटाचा सैल. बुटाचा पुढचा भाग पाठीतून कापावा. पोटाचे चामडे जिभेला किंवा अस्तराला वापरावे. चामडे एका दिशेला जास्त ताणते, एका दिशेला कमी. कमी ताणणारी दिशा बोटांपासून टाचेकडे ठेवली नाही, तर महिन्याभरात बूट लांब होऊन पाय आत सरकू लागतो. घेताना चामडे दाण्याची बाजू आत ठेवून दुमडून पाहावे. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या तर माल घट्ट. ढगळ वळकट्या पडल्या तर ते पोटाचे, किंवा वरचा दाणेदार थर काढून घेऊन खालच्या थरावर रंग चढवलेले. दुकानातल्या झगमगाटात हा रंगच आधी डोळ्यांत भरतो, आणि पावसाळ्यात तोच आधी सोलून निघतो.

असो. मूळ मुद्द्याकडे वळू.

१९०४ मध्ये टॉमस तीन कामगार बरोबर घेऊन अमेरिकेला गेला. मॅसॅच्युसेट्स राज्यातले लिन हे शहर तेव्हा जोड्यांची राजधानी होते. तिथल्या कारखान्यात मालक म्हणून हिंडण्याऐवजी त्याने साधा कामगार म्हणून काम केले. त्याच लिनमध्ये वीस वर्षांपूर्वी सुरिनामहून आलेल्या यान मॅट्झेलिगर या कृष्णवर्णीय यंत्रकाराने एक अजब यंत्र बनवले होते. कलबुतावर चामडे ताणून, चुण्या पाडून, तळाशी खिळे मारून बसवणे हे जोड्यातले सर्वांत अवघड काम. कुशल कारागीर दिवसाकाठी पन्नासेक जोड करी. मॅट्झेलिगरच्या यंत्राने (त्याचे पेटंट १८८३ चे) कित्येक शेकडा जोड होऊ लागले. बूट पायाला लागतो की बसतो, ते बरेचसे या ताणण्यावरच ठरते. बाटा झ्लीनला परतला तो हे सारे डोळ्यांत साठवून. १९०८ मध्ये भाऊ अँटोनिन वारला आणि कारभार सर्वस्वी टॉमसकडे आला.

मग १९१४ चे युद्ध. कामगार एकामागून एक सैन्यात ओढले जाणार आणि कारखाना ओस पडणार, हे दिसताच त्याने व्हिएन्ना गाठले आणि लष्करी बुटांच्या पन्नास हजार जोडांचे काम पदरात पाडून घेतले. त्यामुळे त्याची माणसे खंदकात जायची वाचली. युद्धाच्या चार वर्षांत कामगारांची संख्या सुमारे दसपट झाली. लष्करी बूट म्हणजे कष्टाच्या बुटाची खरी परीक्षा. आपल्या बेळगावच्या कॅम्पात ज्यांनी जुन्या शिपायांचे नालबंद बूट पाहिले असतील, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. जाड चामडी तळ, त्याला खालून लोखंडी खिळे, टाचेला नाल. वजन भरपूर, आवाज त्याहून अधिक. पण तळ उसवला की उकलून नवा घालता येई, आणि वरचे चामडे आणखी काही वर्षे निघे. युद्ध लांबले तशी मध्य युरोपात चामड्याची इतकी टंचाई झाली की नागरिकांना लाकडी तळांचे जोडे घालून हिंडावे लागले.

युद्ध संपले आणि साम्राज्यही संपले. नव्या चेकोस्लोव्हाकियाच्या चलनाचा भाव चढला, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक तुटले. गोदामात माल पडून राहिला, कारखाने बंद पडू लागले. १ सप्टेंबर १९२२ रोजी बाटाने आपल्या जोड्यांच्या किमती एकदम निम्म्यावर आणल्या. इतर कारखानदारांनी त्याला वेड्यात काढले. हा निम्मा भाव आला कुठून, हे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. कामगारांची मजुरी चाळीस टक्क्यांनी उतरवली गेली, आणि त्याबदली कंपनीने त्यांना धान्य, कापड व गरजेच्या वस्तू निम्म्या दराने पुरवल्या. माल खपला, गोदामे रिकामी झाली, आणि नंतर माणसे वाढवावी लागली. धाडस मोठे होते यात शंका नाही. मात्र त्या धाडसाची पहिली किंमत मोजली ती पगाराच्या पाकिटाने, हेही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगायला हवे.

१९२३ मध्ये तो झ्लीनचा नगराध्यक्ष झाला. १९२४ पासून कारखान्याच्या प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवून नफ्यात कामगारांना वाटा मिळू लागला. १९२५ मध्ये तरुणांसाठी शाळा निघाली. तिथले विद्यार्थी दिवसा कारखान्यात काम करीत, संध्याकाळी शिकत आणि आपला खर्च आपल्या मजुरीतून भागवीत. १९२७ मध्ये रुग्णालय उभे राहिले. लाल विटांची चौकोनी घरे, सपाट छपरे, भोवती बाग, असे गावच्या गाव नव्याने वसले. दुकानांतून दुरुस्तीची सोय होती, आणि पायांची निगा राखणारी माणसेही बसत. जोडे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या भोवरीकडेही पाहावे, ही कल्पना मला मोठी मोलाची वाटते.

दुसरी बाजूही आहे. कामगार संघटना त्याला खपत नसत. कामगार काय खातो, कसा राहतो, इथपर्यंत कंपनीची नजर पोचे. १९२७ पासून सरकत्या पट्ट्यावर काम सुरू झाले आणि पूर्वी अख्खा जोडा करणारा माणूस दिवसभर एकच शिवण घालू लागला. १९३३ मध्ये टी. स्वातोप्लुक या त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या लेखकाने या जगावर कठोर कादंबरी लिहिली. बाटाचे गुणगान करणाऱ्यांनी ती विसरू नये, आणि निंदा करणाऱ्यांनी ते रुग्णालय विसरू नये.

या काळातच तळ बदलला. रबराचा तळ ओल्या फरशीवर घसरत नाही, पाणी आत येऊ देत नाही, झिजतो कमी आणि स्वस्त पडतो. पण तो श्वास घेत नाही. आत चामड्याची पट्टी नसेल तर दुपारपर्यंत पाय शिजतो. गिरणीत, वर्कशॉपमध्ये किंवा शेतात उभे राहणाऱ्यासाठी खाली रबर, मध्ये सालीने कमावलेल्या चामड्याची पट्टी आणि वर क्रोमचे घट्ट चामडे, हीच जुळणी मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. तळ नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, तेही उलटून पाहावे. शिवलेला तळ मोची पुन्हा घालून देतो. चिकटवलेला सुटला की बहुधा बूटच टाकावा लागतो.

भारताकडे त्याचे लक्ष गेले ते साहजिकच. इथून कातडी आणि चामडे परदेशी जात होते, आणि इथली कोट्यवधी माणसे अनवाणी चालत होती. १९३१ मध्ये भारतातली कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर हुगळीच्या काठी कोन्नगर येथे काम सुरू झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो स्वतः विमानाने पूर्वेकडे निघाला आणि भारत पाहून गेला. आपल्याकडे त्या वेळी गावोगावचा चर्मकार बलुतेदार होता. तो वहाणा करी, मोट शिवी, आणि गावातल्या प्रत्येकाच्या पायाचे माप त्याच्या नजरेत असे. कारखान्याच्या जोड्याने त्याचे गिऱ्हाईक नेले. मोटेचे काम पुढे इंजिनांनी नेले. अनवाण्याला स्वस्त जोडा मिळाला हे खरे, आणि ज्याच्या हातात पिढ्यांची विद्या होती त्याला तिचे मोल मिळाले नाही, हेही खरे. या दोन गोष्टींची वजाबाकी मला अजून करता आलेली नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि बेळगावसह कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमाभागात दोन्हीकडच्या कारागिरांच्या हाती एकच कागद आला, अशी ही दुर्मीळ गोष्ट.

१२ जुलै १९३२ च्या सकाळी झ्लीनजवळच्या ओट्रोकोवित्से विमानतळावर दाट धुके होते. बाटाला स्वित्झर्लंडला जायचे होते. तिथे नवा कारखाना उभा राहत होता. धुके निवळण्याची वाट न पाहता युंकर्स विमान उडाले आणि थोड्याच वेळात कोसळले. वैमानिक ब्रोउचेक आणि बाटा दोघेही ठार झाले. बाटाचे वय छप्पन्न वर्षांचे होते आणि पदरी सोळा हजारांहून अधिक माणसे होती. जंगलाच्या कडेला त्याने स्वतः पुढाकार घेऊन केलेल्या दफनभूमीतच त्याला पुरले. मुलगा अवघा सतरा वर्षांचा, म्हणून कारभार सावत्र भाऊ यान याने हाती घेतला. १९४५ मध्ये तिथला कारखाना सरकारजमा झाला, आणि १९४९ ते १९९० या काळात झ्लीनचे नावदेखील बदलून गोटवाल्डोव्ह करण्यात आले होते.

कलकत्त्याजवळ बाटानगरची पायाभरणी झाली ती १९३४ मध्ये. ज्याच्या नावाने ते गाव वसले, त्याला जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती.