पाखरांचा पारखी : डॉ. सलीम अली

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले व मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पदवी नसल्याने हवी ती सरकारी नोकरी मिळाली नाही. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. जर्मनीत जाऊन ते पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले, तर १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात माकडे मरू लागली व माणसेही तापाने दगावली. दूरदेशीच्या पाखरांनी हा माकडताप आणला असावा, असा संशय होता. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी हजारो पक्षी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली व अंगावरच्या गोचिडी तपासणीसाठी गोळा करविल्या. तो विषाणू जंगलातील स्थानिक गोचिडींमार्फत पसरतो, असे पुढे स्पष्ट झाले. पाखरांवरचा आळ टिकला नाही.

मात्र पाखरे कधीच आजारी पडत नाहीत, असे नव्हे. २० जून १९८७ रोजी सलीम अली निवर्तले. त्यानंतर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले. बोट्युलिझम या जिवाणूजन्य रोगाचे विष हे त्याचे कारण ठरले. मेलेल्या पक्ष्यांत अळ्या पडतात, त्या खाऊन इतर पक्षी मरतात आणि साखळी वाढत जाते. म्हणून मृत पक्षी वेळीच उचलून त्यांची विल्हेवाट लावावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलाव-बोड्यांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. काठावर मेलेला पक्षी दिसल्यास त्याला हात लावू नका, घरी आणू नका, कोंबड्यांपुढे टाकू नका. वनरक्षकास किंवा गुरांच्या दवाखान्यात कळवा. तो कशाने मेला हे नुसते पाहून कळत नाही, तपासावे लागते. पालकांनीही मुलांच्या प्रश्नांना हसू नये. एका मामांनी भाच्याचा प्रश्न टाळला नाही, म्हणून देशाला सलीम अली लाभले.