कीर्तीनंतरचा विद्यार्थी

मला जर्मन भाषेचा गंध नाही. पाश्चात्त्य संगीतातही माझी गती बेताचीच. तरीही फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन गायकाचे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकले, तेव्हा हातातले काम तसेच राहिले. पुढे त्याच्या आयुष्याविषयी वाचले आणि त्या सहजसुंदर आवाजामागचे कष्ट कळले.

1930 साली जर्मनीतील कूसेल या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. आईवडील दोघेही वादक. पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेल्या वडिलांची नोकरी नाझींच्या दडपणामुळे गेली आणि 1935 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. घरात दारिद्र्य आले. 1950 मध्ये फ्रिट्झ फ्रायबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. हॉर्न हे वाद्य आणि गायन तो शिकला. शिक्षणाचा खर्च त्याने बँडमध्ये वाजवून भागवला.

1955 मध्ये तो श्टुटगार्टच्या ऑपेरात लागला, तोही किरकोळ भूमिकांसाठी. मोझार्टच्या ‘मायावी बासरी’त दुसऱ्या गायकाच्या जागी राजपुत्र टामिनो गाण्याची संधी आली आणि त्याचे नशीब उघडले. या ऑपेरात गद्य संवादही असल्याने आपल्या संगीत नाटकाची आठवण होते. त्यानंतर 1959 मध्ये साल्झबुर्ग, 1960 मध्ये म्युनिक, 1962 मध्ये व्हिएन्ना अशी त्याची कीर्ती वाढत गेली.

मला खरे मोठेपण वाटते ते यापुढचे. रंगमंच गाजवणारा हा गायक, केवळ पियानोच्या साथीने कविता गाण्याची ‘लीड’ ही कला आपल्याला अजून शिकायची आहे, हे ओळखून ह्यूबर्ट गीसन या वयोवृद्ध पियानोवादकाजवळ शिष्यासारखा बसला. शूमानची प्रेमगीते त्याने त्यांच्याच साथीने ध्वनिमुद्रित केली. तिथे मोठा आवाज दाखवण्याची घाई नाही. शब्द जपून, हळुवार ठेवलेला आहे.

4 सप्टेंबर 1966 रोजी एडिंबरोला या दोघांची मैफल झाली. तीच शेवटची ठरली. मित्राच्या घरी जिन्यावरून पडून 17 सप्टेंबरला त्याचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरातील पहिला प्रयोग काही आठवड्यांवर आला होता, छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर.

परीक्षा संपताच वह्या रद्दीत घालणाऱ्यांपैकी मी एक. त्याचे गाणे ऐकताना मला त्या वह्यांची आठवण होते.