कुस्तीगीर खाशाबा जाधव



रोहण्यासारख्या गावात वाढणाऱ्या मुलास कुस्तीची ओळख करून द्यावी लागत नाही. जत्रेतील दंगल, आखाड्याची माती, डफड्याचा गजर आणि विजयी मल्लास खांद्यावर घेऊन नाचणारी मंडळी हे दृश्य लहानपणीच मनावर ठसते. हल्ली तर परदेशातील पिंजऱ्यासारख्या रिंगणात चालणाऱ्या, मुष्टियुद्ध व मल्लविद्या ह्यांच्या मिश्र लढतीही मुले घरबसल्या पाहतात, आणि आपणही असाच नावलौकिक व पैसा मिळवावा असे त्यांस वाटू लागते. उलट आईबापांस चिंता पडते की, मुलाने अंग मोडून घेतले आणि शाळाही सोडली तर पुढे त्याचे पोट कसे भरणार? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून दोघांनीही वाचावे असे एक चरित्र येथे थोडक्यात सांगतो.

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात, कराडनजीक गोळेश्वर ह्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. मातीचा वास त्यांस पाळण्यापासूनच परिचित होता असे म्हटले तरी चालेल. कराड येथील टिळक हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले व पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तालमीसाठी त्यांनी पुस्तक सोडले नाही, ही गोष्ट प्रथमच लक्षात ठेवावी. 1942 च्या चळवळीतही त्यांनी आपल्या परीने भाग घेतला होता. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी ह्यांच्या हाताखाली त्यांची विद्या तयार झाली. देह धिप्पाड नव्हता. त्यांचे बळ चपळाईत व डावाच्या अचूकपणात होते. प्रतिपक्ष्याची मान बगलेत धरून त्यास फेकण्याचा ढाक हा डाव त्यांच्या विशेष हातचा होता.

पैलवानाचे आयुष्य बाहेरून जितके मौजेचे दिसते तितके आतून नसते. पहाटेचे जोर व बैठका, संध्याकाळची लढत, दूध, तूप व बदामाचा खर्चिक खुराक, आणि वर्षाचे बाराही महिने मनावर लगाम. वारंवार घासून व दाबून कानात रक्त साकळते. ते वेळीच काढले नाही तर कूर्चा आकसून कान कायमचा गाठाळ होतो. गुडघा, मान व खांदा ह्यांस केव्हा इजा होईल ह्याचा नेम नाही. आणि उमेदीची वर्षे फार तर दहाबारा. खाशाबांनी हे सर्व पत्करले, आणि तेही पैशाची सोय नसताना.

1948 साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. खाशाबांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोपर्यंतचा त्यांचा सारा सराव मातीतला. तेथे मात्र गादीवर लढावयाचे, आणि नियमही निराळे. आपल्याकडे चीतपट होईपर्यंत झुंज चालते. तेथे घड्याळ लावून गुण मोजतात. रीस गार्डनर ह्या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांस थोडेफार शिकविले. अशा अपुऱ्या तयारीवरही सर्वांत हलक्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसला असता. खाशाबांनी मात्र आपले उणे काय ते ओळखले व पुढील चार वर्षे ते भरून काढण्यात घालविली.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी प्रथम त्यांची निवडच झाली नाही. आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची खात्री होती. ते गप्प बसले नाहीत, तसेच त्यांनी आदळआपटही केली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली, तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्यास चीत केले आणि निवड पदरात पाडून घेतली. तथापि जाण्यास पैसा कोठून आणावयाचा? सरकारदरबारी केलेली विनंती निष्फळ ठरली. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या अंगच्या गुणासाठी स्वतःचे छप्पर पणास लावणारा हा गुरू धन्य होय!

हेलसिंकी येथे खाशाबा 57 किलो वजनगटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली. पुढे जपानच्या शोहाची इशी ह्यांच्याशी दीर्घ व अटीतटीची झुंज झाली व तीत खाशाबा हरले. हेच इशी पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्या थकलेल्या स्थितीतच खाशाबांस सोव्हिएत संघाचे मल्ल रशीद ममेदबेयोव्ह ह्यांच्याशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा खेळाडूचा हक्क होता. पण तो मागण्यासाठी आपल्या बाजूचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्ती ते हरले. तरीही 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर असे दुसरे पदक देशास 1996 साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी मिळाले. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरकडील दुसरे मल्ल केशव माणगावे ह्यांचा चौथा क्रमांक आला होता. एका पायरीच्या अंतराने त्यांचे नाव लोकांच्या स्मरणातून गेले, हेही ह्या व्यवसायाचे एक कटू सत्य आहे.

खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांस कराडहून गोळेश्वरास घेऊन गेली. परंतु सत्काराच्या गुलालात ते कर्ज विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून आपल्या गुरूचे घर सोडवून दिले. माझ्या अल्पमतीस ही कुस्ती हेलसिंकीतील कुस्तीपेक्षा थोर वाटते.

पदकाने पोट भरले नाही. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढील मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची वाट अडविली. नोकरीत वर्षानुवर्षे बढती मिळाली नाही. सेवेच्या अखेरीस ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांस झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, 2000 च्या सुमारास. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास 2010 साली त्यांचे नाव देण्यात आले. हा मान जिवंतपणी मिळता तर किती बरे झाले असते!

तर मग आईबापांनी मुलास आखाड्यात पाठवू नये काय? अवश्य पाठवावे. परंतु त्याच्या हाती पुस्तकही असू द्यावे, कारण गुडघा दगा देतो तेव्हा विद्याच हात देते. खाशाबांस नोकरीचा आधार मिळाला त्यात त्यांच्या शिक्षणाचा वाटा होताच. शरीर दुखावले तर ते लपवू नये व वैद्यास दाखवावे. मुलांनीही ध्यानात ठेवावे की, पैलवान एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. त्याच्यामागे गावाची वर्गणी, गुरूचे घर व आईचे दूध असते, आणि त्या ऋणाची फेड हीच त्याची खरी परीक्षा.

पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस लिहिताना शर्यतीतील धावणाऱ्याचा व मुष्टियोद्ध्याचा दाखला घेतला आहे. त्या काळच्या विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट ठेवीत, आणि तो लवकरच वाळून जाई. तेवढ्यासाठी मनुष्य इतका संयम पाळतो, तर न वाळणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळावा, असा त्याचा आशय आहे. खाशाबांचे कांस्यपदक आज चकाकत असेल वा नसेल. पण शब्द पाळणारा, अन्याय झाला असता नेटाने दाद मागणारा आणि उपकार न विसरणारा मनुष्य म्हणून त्यांच्या मस्तकी जो मुकुट आहे, तो वाळणारा नव्हे. आपल्या गावच्या आखाड्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाने मातीला हात लावताना त्यांचे स्मरण करावे.