विश्लेषण : फुटक्या बश्यांचे ‘वॉट्स टॉवर्स’ पाडकामातून कसे वाचले?

लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत एका मजुराने ३३ वर्षे एकट्याने खपून आपल्या घराभोवती मनोरे उभारले. महापालिकेने ते धोकादायक ठरवले. पुढे काय झाले?

सायमन रोडिया कोण होते?

जन्म १८७९, इटलीतील सेरिनोजवळच्या खेड्यात. किशोरवयात अमेरिकेत आले, मिळेल ती कामे केली. कलेचे शिक्षण नाही, अभियांत्रिकीचे तर नाहीच. १९२१ मध्ये त्यांनी वॉट्समध्ये तिकोनी जागा घेतली आणि फरशीकाम करून घरी आल्यावर स्वतःचे बांधकाम सुरू केले.

बांधकाम कसे केले?

लोखंडी सळ्या शेजारच्या रेल्वे रुळात अडकवून वाकवायच्या, जोडावर तार आणि जाळी गुंडाळायची, वर सिमेंट थापायचे. ओल्या सिमेंटमध्ये फुटक्या बश्या, फरशांचे तुकडे, शिंपले, हिरव्या-निळ्या बाटल्यांच्या काचा. वेल्डिंग नाही, नट-बोल्ट नाहीत, परांचीही नाही. कमरेला पट्टा बांधून ते बांधलेल्या भागावरच चढत. अशा १७ रचना झाल्या. सर्वात उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा.

पाडण्याचा आदेश का निघाला?

१९५४ मध्ये पंचाहत्तरीच्या रोडियांनी जागा शेजाऱ्याला देऊन टाकली आणि ते मार्टिनेझला निघून गेले. नंतर घर आगीत जळाले. १९५९ मध्ये विल्यम कार्टराइट आणि निकोलस किंग या तरुणांनी ३,००० डॉलरला जागा घेतली, तेव्हा कळले की पाडकामाचा आदेश आधीच निघालेला आहे. मनोरे कोसळतील, ही अधिकाऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. परवानगी नाही, नकाशा नाही, पाया उथळ.

मग वाचले कसे?

अभियंता बड गोल्डस्टोन यांनी भारचाचणीचा प्रस्ताव ठेवला. १० ऑक्टोबर १९५९ रोजी लोकांसमोर मनोऱ्याला १० हजार पौंडांचा, म्हणजे साडेचार टनांचा ताण देण्यात आला. वाकली ती ताण देणारी तुळई! मनोरा जागचा हलला नाही. आदेश मागे घेतला गेला.

रोडिया जुलै १९६५ मध्ये वारले. पुढच्याच महिन्यात वॉट्समध्ये दंगल पेटली, पण मनोऱ्यांना कुणी हात लावला नाही. १९९० मध्ये त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

आता धोका कशाचा?

उन्हाचा. तापमान बदलले की मनोरे किंचित हलतात, भेगा उघडतात, पाणी शिरून सळ्या गंजतात. भेग कडक सिमेंटने बुजवली तर ती पुन्हा फाटते; म्हणून लवचीक मिश्रण वापरावे लागते.